वाकिझाशीच्या शोधात : प्रकल्प नोंदी

11 जानेवारी 2025, तोक्यो

प्रकल्प सुरू. यंदा एक जुनी, हाताने घडवलेली, कागदपत्रं चोख असलेली जपानी तलवार घ्यायची. बजेट साडेतीन लाख येन. त्यातले पन्नास हजार साध्या लाकडी म्यानासाठी, म्हणजे शिरासायासाठी, आधीच बाजूला काढले. घरून मंजुरी आहे. अटी तोंडी आहेत, त्या इथे लिहीत नाही.

कताना शोधायची नाही, हेही आजच ठरवून टाकलं. आपल्या पैशात कताना म्हणजे एकतर पॉलिश करकरून झिजलेली, नाहीतर तडा गेलेली, नाहीतर खोटी सही मिरवणारी. त्याच पैशात वाकिझाशी बरी मिळते. हिशेब लांबीचा आहे. एक शाकु म्हणजे 30.3 सेंटिमीटर. दोन शाकु आणि त्यावर ती कताना, एक ते दोन शाकु वाकिझाशी, त्याहून आखूड ती तांतो. एदो काळात, म्हणजे सतराव्या ते एकोणिसाव्या शतकात, कमरेला दोन तलवारींची जोडी लावायचा मान फक्त सामुराईंना होता. व्यापाऱ्या-कारागिरांना आखूड एक चालायची. मग ओसाकाच्या शेटजींनी सगळी हौस तिच्यावरच भागवली आणि नामांकित लोहारांकडून एकाहून एक वाकिझाशी घडवून घेतल्या. आजचे हौशी लोक सामुराईच्या कतानामागे धावतात, शेटजींची वाकिझाशी दुकानात पडून राहते. आम्हाला ते सोयीचंच.

18 जानेवारी

र्‍योगोकुचं तलवार संग्रहालय. सुमोच्या स्टेडियमपासून चालत जाता येतं, जुन्या यासुदा बागेत आहे. पूर्वी योयोगीला होतं, 2018 मध्ये इथे आलं. चालवणारी संस्था निप्पोन बिजुत्सु तोकेन होझोन क्योकाई, म्हणजे कलावस्तू म्हणून जपानी तलवारी जपणारी संस्था, स्थापना 1948. तिच्या जन्माची कथा लिहून ठेवायलाच हवी. 1945 च्या शरणागतीनंतर अमेरिकी फौजेने घरोघरच्या तलवारी जमा करायला लावल्या. त्यांच्या लेखी सगळी शस्त्रंच, नष्ट करायची. होन्मा जुन्जींसारख्या अभ्यासकांनी अमेरिकी फौजेतल्या कर्नल कॅडवेलला पटवलं, की यातल्या कित्येक तलवारी कलावस्तू आहेत. आकाबानेच्या लष्करी डेपोत गोळा झालेल्यांपैकी निवडक वाचल्या. त्यातल्या तीन हजारांहून जास्त 1999 मध्ये देशभरच्या सार्वजनिक संग्रहालयांना वाटण्यात आल्या, पुष्कळशा गंजलेल्या अवस्थेतच.

बाजारात कागद, म्हणजे तलवार खरी असल्याचा दाखला, चालतो तो याच संस्थेचा. चार पायऱ्या: होझोन, तोकुबेत्सु होझोन, जुयो, तोकुबेत्सु जुयो. माझी उडी पहिल्या पायरीपर्यंत.

आज एकच सराव केला. काचेसमोर गुडघे वाकवून हळूहळू खाली जायचं आणि दिव्याचं प्रतिबिंब पात्यावरून धारेकडे सरकू द्यायचं. उभ्याने बघितलं तर दिसते ती पांढरी पट्टी, पण ती पॉलिशवाल्याने उजळलेली असते. खरा हामोन, म्हणजे पाणी देताना उमटलेली रेषा, त्या पट्टीच्या आत असतो आणि प्रतिबिंब बरोबर त्याच्यावर आलं की क्षणभर पेटतो. कुठे सुटे चमकते कण, त्यांना निए म्हणतात. कुठे कण वेगळे न दिसणारं नुसतं धुकं, ते निओई. शेजारचे जपानी आजोबाही असेच उठाबशा काढत होते. एकमेकांना मान लवून आपापल्या कामाला लागलो.

एचिझेन यासुत्सुगु या लोहाराच्या एका तलवारीपाशी जरा रेंगाळलो. नाकागोवर, म्हणजे मुठीत जाणाऱ्या दांड्यावर, तेव्हाच्या राज्यकर्त्या तोकुगावा घराण्याचं आओईच्या पानांचं चिन्ह आणि 'नानबान-तेत्सु वापरून' असा कोरीव मजकूर. नानबान-तेत्सु म्हणजे परक्यांच्या जहाजातून आलेलं पोलाद. पोर्तुगिजांचा जलमार्ग तेव्हा गोवा, मकाव, नागासाकी असा होता, आणि यातलं काही पोलाद मूळचं हिंदुस्थानातलं असावं असं मानणारे अभ्यासक आहेत. माल परदेशी आहे हे लपवायचं सोडून यासुत्सुगुने ते तलवारीवर कोरलं. सतराव्या शतकात आपल्याकडे फिरंगी पात्याला हाच भाव होता.

1 फेब्रुवारी

गिन्झातलं एक दुकान. वरच्या मजल्यावर, बेल वाजवून आत. आधी चहा, मग लांबी, मग बजेट, या क्रमाने चौकशी.

हाताळणीचे नियम दुकानदारांनी न बोलता, करून दाखवले. तलवार हातात घेण्यापूर्वी तिला नमस्कार. धार वरच्या बाजूला. म्यान डाव्या हातात घट्ट, आणि पातं पाठीच्या आधाराने सरळ बाहेर. मनगट वाकडं झालं की म्यानाला आतून चीर आणि पात्याला ओरखडा. उघड्या पात्यावर तोंड करून बोलायचं नाही, कारण थुंकीचा एक शिंतोडा गंजाला पुरतो. बोट लावायचा तर प्रश्नच नाही.

त्यांनी काढलेल्या पहिल्याच वाकिझाशीवर सही: नागासोने कोतेत्सु. मी मान वर केली तर ते हसत होते. कोतेत्सु हा मुळात चिलखतं घडवणारा. पन्नाशीच्या आसपास एदोत, म्हणजे आजच्या तोक्योत, येऊन तलवारीकडे वळला आणि इतका गाजला, की त्याच्या हयातीपासून आजवर त्याच्या नावाने खोट्या सह्या पडत आल्या आहेत. कोतेत्सु दिसला की खोटा समजा, अशी इथली म्हणच आहे. 'सही खोटी आहे म्हणून स्वस्त आहे. तुम्ही पातं बघा,' दुकानदार म्हणाले. पातं खरंच चांगलं होतं. सतराव्या-अठराव्या शतकातल्या कुणा भल्या लोहाराचं, ज्याचं स्वतःचं नाव कुणीतरी नफ्यासाठी पुसलं किंवा मुळात नव्हतंच.

इथे एक मजेशीर व्यवहार कळला. खोटी सही असेल तर संस्था कागद देत नाही. मग मालक ती सही घासून काढून टाकतात आणि तलवार निनावी म्हणून पुन्हा पाठवतात. सही नसली की परीक्षक पोलाद बघून घराणं ठरवतात आणि कागद मिळतो. एकूण सहीला जगात किंमत सगळ्यात जास्त आणि भरवसा सगळ्यात कमी. माझ्यासाठी निष्कर्ष सोपा: सही असलेल्या तलवारीत सहीचे पैसे द्यावे लागतात, आणि तेवढे माझ्याकडे नाहीत. निनावी बघायच्या.

22 फेब्रुवारी

दुसरं दुकान, दुसरा अनुभव. एक लाख ऐंशी हजार, निनावी, देखणा घाट. दिव्याखाली पातं टोकाकडून मुठीकडे हळू फिरवत होतो. सगळ्या रेषा प्रकाशाबरोबर हलत होत्या, एक मात्र जागची हलेना. धारेपासून काटकोनात आत गेलेली, केसाहून बारीक, जेमतेम तीन मिलिमीटर. दुसऱ्या बाजूने बघितली, तिथेही तीच. हागिरे. म्हणजे कडक धारेला गेलेला आडवा तडा. याच्यावर उपाय नाही. आदळली तर तिथेच तुटणार, आणि संग्राहक हात लावत नाही. विक्रेता म्हणाला, जुन्या मालात असं असायचंच. मी पातं पुसून परत दिलं आणि आभार मानून निघालो.

बाकी दोषांबाबत मी एवढा सोवळा नाही. घडीचं पोलाद नीट न चिकटल्याने आलेला उभा सांधा, फुगवटा फुटून राहिलेला खळगा, जुन्या कारागिराने दुसरं पोलाद बसवून बुजवलेली जागा: हे सगळं भाव पाडून घेऊन चालवून घेईन. चालणार नाहीत दोनच गोष्टी, हागिरे आणि साइहा. साइहा म्हणजे आगीत सापडून पाणी उतरलेलं पातं नव्याने तापवून कडक केलेलं. जपानी शहरं किती वेळा जळली हे आठवलं की अशा तलवारी इतक्या का, ते कळतं. मुठीजवळ हामोन सुरू होतो तिथून तिरकी निघालेली पांढुरकी सावली दिसली तर सावध व्हायचं.

8 मार्च

मामेभावाचा साताऱ्याहून व्हॉट्सअ‍ॅप. त्याच्या ओळखीच्या एका फौजी घरात जपानी तलवार आहे, पणजोबांनी ब्रह्मदेशाच्या लढाईनंतर आणलेली. 'लाखात जाईल ना?' सोबत बारा फोटो, त्यातले नऊ म्यानाचे.

1945 मध्ये ब्रह्मदेश, मलायात शरण आलेल्या जपानी अधिकाऱ्यांनी तलवारी टाकल्या, त्यातल्या काही हिंदी सैनिकांबरोबर घरी आल्या. पण त्यात घराण्यातली जुनी पातीही आहेत आणि कारखान्यातली युद्धकालीन पातीही. लष्करी मूठ आणि धातूचं म्यान बघून काही ठरत नाही, कारण जुनं पातंही तसल्या मुठीत बसवून नेत. मूठ काढून दांडा बघावाच लागतो. बांबूची खुंटी (मेकुगी) हलकेच ठोकून काढायची, मूठ मागे ओढायची. जोर लावायचा नाही.

त्याने लगेच करवून फोटो पाठवला. सहीजवळच छोटा ठसा: सेकी. म्हणजे गिफूमधल्या सेकी गावचं युद्धकाळातलं पातं, तेलात थंड केलेलं. हामोन आहे, पण आत काहीच घडत नाही. नुसती ठाशीव रेषा, ना कण ना धुकं. घड्यांचं पोलाद नाही म्हणून त्यावर लाकडासारखे रेषांचे पदरही नाहीत. असल्या तलवारीची जपानमध्ये नोंदणीच होत नाही, त्यामुळे 'इकडे पाठवून विकू' हा बेत बाद.

त्याला लिहिलं: पैसा नाही, पण पणजोबांची आहे, जपा. पात्यावर पातळ तेलाचा हात द्या. आणि दांड्यावरचा काळा गंज कुणीही, कशानेही घासू नये. ब्रासो नको, पॉलिशपेपर नको. तो गंजच वयाचा पुरावा असतो. उद्या कुणाकडे खरोखर जुनं पातं निघालं आणि दांडा लखलखीत केलेला असला, तर परीक्षकाने बघायचं काय?

त्याचं उत्तर: अंगठा.

12 एप्रिल

संस्थेच्या एका शाखेची कान्तेई, म्हणजे ओळखपरीक्षा. पाच पाती, दांडे झाकलेले. बघा, चिठ्ठीवर लोहाराचं नाव लिहा, परीक्षकाकडे द्या. उत्तरं ठरलेली: 'आतारी' म्हणजे बरोबर, 'दोझेन' म्हणजे माणूस हा नव्हे पण याच्या घरातलाच, जवळपास बरोबर धरतात, 'इया' म्हणजे नाही. माझी पहिली चिठ्ठी इया, दुसरी इया, तिसरी दोझेन. बाजूच्या काकूंना पहिल्याच फेरीत तीन आतारी. त्या निवृत्त नर्स आहेत. म्हणाल्या, आधी आकार बघा, वळण बघा, टोकाची लांबी बघा. शतक तिथेच ठरतं. हामोन शेवटी. आम्ही सगळे नवशिके आधी हामोनवरच झेप घेतो, कारण तोच डोळ्यात भरतो.

4 मे, ओकायामा

सुट्टीत ओसाफुने. आको लाइनवरचं छोटं स्टेशन, भातशेती, आणि मध्ये बिझेन ओसाफुने तलवार संग्रहालय. आवारातच लोहार, पॉलिशवाले, म्यानवाले यांच्या कार्यशाळा. हे गाव म्हणजे मध्ययुगातलं सगळ्यात मोठं तलवारींचं उत्पादनकेंद्र. सोळाव्या शतकाच्या अखेरीस योशिई नदीच्या पुराने ते धुऊन नेलं.

हे गाव ज्यात येतं त्या सेतोउची नगरपालिकेने 2020 मध्ये सांचोमो ही राष्ट्रीय ठेव ठरलेली, उएसुगी या सरदार घराण्याची तलवार 50 कोटी येनला विकत घेतली, त्यासाठी लोकांकडून पैसे उभे केले. एवढ्याशा गावाने! ती रोज मांडलेली नसते, आज नव्हती. वाईट वाटलं नाही, मी दुसऱ्याच कामाला गेलो होतो: सुकेसादा बघायला. माझ्या बजेटमधल्या सही असलेल्या वाकिझाशींत हे नाव सारखं समोर येतं. सेनगोकु काळात, म्हणजे पंधराव्या-सोळाव्या शतकातल्या लढायांच्या धामधुमीत, ओसाफुनेत सुकेसादा सही करणारे डझनावारी होते. नुसतं 'बिश्यू ओसाफुने सुकेसादा' असेल तर बहुतेक वेळा लढाईच्या घाऊक मागणीचा माल; सुकेसादाच्या आधी लोहाराचं व्यक्तिगत नाव, उदाहरणार्थ योसोझाएमोन-नो-जो, कोरलेलं असेल तर गिऱ्हाइकाने सांगून घडवून घेतलेली. काचेमागे दोन्ही होत्या. पोलादातला फरक माझ्यासारख्यालाही दिसला: घाऊक पात्यावर पदर सैल, काही ठिकाणी उघडे, दुसऱ्यावर इतके दाट, की ओलसर वाटावं.

17 मे

सापडली बहुतेक. गिन्झावाल्या दुकानदारांनी फोन करून बोलावलं. सुए-मिहारा, म्हणजे मिहारा घराण्याच्या उत्तरकाळातली, मुरोमाची काळ (चौदावं ते सोळावं शतक), आजच्या हिरोशिमा प्रांतातली. निनावी. लांबी 48.2 सेंटिमीटर, साधारण एक शाकु, पाच सुन, नऊ बु (शाकुचे दहा सुन, सुनचे दहा बु). मुळात लांब होती. खालून कापून आखूड केली, त्यात सही असलीच तर गेली. दांड्याला दोन भोकं, त्यातलं एक जुनं. होझोनचा कागद आहे. किंमत 2 लाख 85 हजार, एदो काळातल्या साध्या साजासकट, म्हणजे मूठ-म्यानासकट.

हामोन सरळ, अरुंद, कसलाही देखावा नाही. काउंटरवर शेजारीच एक ओसाका-वळणाची वाकिझाशी होती, लाटांवर लाटा, कुणीही तीच उचलली असती. पण मिहाराचं पोलाद बघत बसलो. पदर लाकडाच्या रेषांसारखे, धारेकडे जाताना सरळ होत जाणारे. ती यामातो या जुन्या तलवार-परंपरेची लकब, मिहारा त्याच वळणाचे. आणि तिरक्या उजेडात हामोनच्या वर पांढुरकी झाक, आरशावर श्वास सोडल्यासारखी. या घराण्यात ती अपेक्षितच. म्हणजे कागदावर लिहिलंय ते पात्यावरही आहे.

दोष: मधल्या भागात गंजाचे तीन ठिपके, एका बाजूला छोटा उघडा सांधा. हागिरे नाही; एका पात्याला अर्धा तास दिला. 

कार्ड ताडून बघितलं. इथे परवाना माणसाला लागत नाही, नोंदणी तलवारीची असते आणि तोरोकुशो हे कार्ड तिच्याबरोबरच फिरतं. 15 सेंटिमीटरवरच्या प्रत्येक पात्याला हवंच. प्रकार, लांबी, वळण, भोकांची संख्या, सही असल्यास मजकूर, एवढंच लिहिलेलं. पण यातलं काही जुळलं नाही तर पोलिसांपासून पुन्हा सुरुवात करावी लागू शकते. या कार्डावर शोवा 26, म्हणजे 1951. नोंदणी सुरू झाली त्याच सुमाराचं. आकडे शाकु-सुनमध्ये. दुकानदारांच्या पट्टीने मोजलं, जुळलं.

आठवडाभर विचार करतो म्हणालो. विचार कसला करायचाय.

24 मे

घेतली. त्यांनी पाच हजार सोडले.

मालकबदलाची सूचना 20 दिवसांत द्यावी लागते, आणि तीही तोक्योला नव्हे, ज्या प्रांताने कार्ड दिलं तिथल्या शिक्षण मंडळाला. एक पानाचा फॉर्म, टपालाने. शस्त्राचा कागद शिक्षण खात्याकडे जातो, याची मला अजूनही गंमत वाटते. उद्या पोस्टात टाकतो.

मायदेशी न्यायची झाली तर वेगळं प्रकरण: सांस्कृतिक व्यवहार खात्याचा निर्यात दाखला, कार्ड परत करणं, आणि पुढे आपल्याकडचे शस्त्रविषयक नियम. तूर्त ती तोक्योतच राहणार.

21 जून

पावसाळा. खोलीतली आर्द्रता सत्तरच्या खाली उतरत नाही. तलवार कपाटाच्या वरच्या फळीवर, आडवी, धार वर.

गंजाचे ठिपके दाखवायला एका पॉलिशवाल्यांकडे गेलो होतो. त्यांनी भिंगातून बघितलं आणि म्हणाले, ठिपके जुने आहेत, वाढत नाहीत, पॉलिश करू नका. प्रत्येक पॉलिशमध्ये पोलाद जातं ते परत येत नाही. फार झालं की वरचं चांगलं पोलाद संपून आतला मऊ गाभा डोकावतो. ज्यांचं पोट यावर आहे तेच नको म्हणतात, तर विषय संपला. उचिको, ती पुरचुंडीतून ठोकायची दगडी पूड, तीही कमीच वापरा म्हणाले. जुनं तेल मऊ कागदाने पुसायचं, बघायचं, नवं लावायचं. तेल चोजीचं, म्हणजे लवंगेचा वास असलेलं. पूर्ण पात्याला दोन थेंब. जास्त झालं तर म्यानाचं लाकूड पितं.

जुनं म्यान आतून मळलेलं आहे, त्यात पातं ठेवणं धोक्याचं. शिरासायासाठी म्यानवाल्यांकडे नंबर लावला. पाळी ऑक्टोबरमध्ये.

1 ऑक्टोबर, खंडेनवमी

सकाळी आईचा व्हिडिओ कॉल. शस्त्रपूजा झालीच पाहिजे, घरात तलवार असून पूजा नाही म्हणजे काय. मला मान्यच होतं. अडचण पुढे आली: हळदकुंकू, फूल, पाण्याचा शिंतोडा. यातली एकही गोष्ट उघड्या पात्याला लावणं शक्य नाही.

आई म्हणाली, 'म्यानाला लाव.' म्यान एदो काळातलं, लाखेचं. ओलं कुंकू रंग सोडणार. 'मग मुठीला लाव.' मुठीला माशाचं कातडं आणि रेशमी फीत. 'मग त्या कागदाला लाव.' कार्ड मूळ प्रत, डाग पडला तर नवी काढायला अर्ज. थोडा वेळ दोन्हीकडे शांतता. मग तिनेच तोडगा काढला, आणि हळदकुंकू कार्डाच्या झेरॉक्सला लागलं. फूल शेजारी बशीत. मी पातं अर्धं बाहेर काढून कॅमेऱ्यासमोर धरलं. 'एवढीशीच?' ती म्हणाली. वाकिझाशीचा इतिहास सांगायला घेतला, पण तिचा गॅस चालू होता.

11 ऑक्टोबर

पातं आणि कार्ड म्यानवाल्यांकडे दिलं. लाकूड होओ, अनेक वर्षं वाळवलेलं. दोन फळ्या आतून कोरायच्या, पातं फक्त ठरलेल्या जागी टेकेल आणि धार कुठेही लागणार नाही अशा. मग दोन्ही भाग चिकटवायचे ते भाताच्या खळीने. रासायनिक गोंद का नाही, विचारलं. कारण आत गंज किंवा मळ झाला तर म्यान सांध्यावर उकलून साफ करता आलं पाहिजे. गोंदाने लाकूड फाटेल, खळ सुटेल. माझ्यासमोर त्यांनी एक जुनं म्यान उकलून दाखवलं. पाचर सरकवली, टच्च आवाज, दोन स्वच्छ भाग. आतल्या बाजूला पात्याच्या धारेलगत काळी रेघ होती, मागच्या मालकाच्या तेलाची.

22 नोव्हेंबर

शिरासाया तयार. 48 हजार. जुन्या साजासाठी त्यांनी लाकडी पातं करून दिलं, म्हणजे मूठ, त्सुबा (मुठीपुढची चकती) आणि म्यान एकत्र राहतील. त्याचे वेगळे बारा हजार, बाजूला काढलेल्या पन्नास हजारांबाहेर.

म्यानावर शाईने घराणं, लांबी वगैरे तज्ज्ञाकडून लिहून घ्यायची पद्धत आहे, सायागाकी. त्यांनी विचारलं, ओळखीच्या एका तज्ज्ञांकडे पाठवू का. आज मिहारा म्हणतात. निनावी पात्याचं घराणं पुढच्या परीक्षेत बदलू शकतं, आणि मी मिहारा म्हणून घेतलेलीच नाही, त्या पोलादासाठी घेतली. नको म्हणालो. लाकूड कोरं ठेवलं. पैसे रोख दिले, पावती घेतली, कार्ड पिशवीच्या आतल्या कप्प्यात आहे ना ते बघितलं आणि गर्दीच्या आधीची गाडी पकडली.